कितीपैकी? : ब्रेंटफर्ड फुटबॉल क्लबचा इतिहास आणि संशोधनातला एक छोटा प्रश्न

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एक अख्खा पावसाळा मी एका घाटरस्त्यावर गाड्यांखाली चिरडलेले बेडूक मोजत होतो. रोज रात्री रेनकोट, टॉर्च आणि वही घेऊन ठरलेलं अंतर चालायचं, सापडेल त्या बेडकाची जात ओळखायची आणि नोंद करायची. चार महिन्यांनी तक्ता तयार झाला. मेलेल्या बेडकांत एकाच जातीचे निम्म्याहून जास्त! मी खूश. ‘रस्त्याचा सर्वाधिक धोका या जातीला आहे’ असं ठणठणीत वाक्य लिहून प्रकरणाचा कच्चा खर्डा मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना दिला. दोन दिवसांनी तो परत आला. त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : ‘कितीपैकी?’

खरं सांगतो, आधी मला काही कळलंच नाही. मग लक्षात आलं. त्या जातीचे बेडूक जास्त मेले हे कबूल, पण त्या परिसरात त्या जातीचे बेडूक मुळात होते किती? तिथल्या दर दहा बेडकांपैकी आठ त्याच जातीचे असतील आणि मेलेल्यांत ते दहापैकी सहाच सापडले असतील, तर ती जात उलट जास्त सुरक्षित ठरते. जिवंत बेडकांची मोजणी मी केलीच नव्हती. माझ्याकडे अंश होता, छेद नव्हता.

त्याच दिवसांत होस्टेलवरच्या रूममेटमुळे मला इंग्लिश फुटबॉल बघायची सवय लागली. तो ब्रेंटफर्ड नावाच्या क्लबच्या मागे वेडा होता. ‘आकडेमोड करून वर आलेला क्लब’ अशी त्याची ख्याती. मी कुतूहलाने त्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि आकड्यांचा क्लब म्हणून गाजलेल्या या संस्थेच्या इतिहासात मला माझीच चूक सापडली. ती सत्तर वर्षांपूर्वीची होती आणि माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर केलेली होती. म्हणून आज हा लेख.

नदीकाठचा क्लब

ब्रेंटफर्ड हे पश्चिम लंडनमधलं थेम्सकाठचं ठिकाण. तिथल्या नावाड्यांच्या, म्हणजे रोइंग क्लबच्या सभासदांना हिवाळ्यात खेळायला काहीतरी हवं होतं. १० ऑक्टोबर १८८९ रोजी क्यू ब्रिजजवळच्या एका हॉटेलात बैठक झाली. प्रश्न होता : रग्बी की फुटबॉल? मतं पडली ८ विरुद्ध ५. म्हणजे तीन-चार जणांचं मन त्या दिवशी वेगळं असतं, तर आज हा लेख रग्बीवर असता, किंवा नसताच.

१९०४ मध्ये क्लबला ग्रिफिन पार्क हे मैदान मिळालं आणि पुढची ११६ वर्षं तेच त्यांचं घर होतं. चारी कोपऱ्यांवर चार पब असलेलं मैदान म्हणून ते प्रसिद्ध झालं. १९२० मध्ये क्लब फुटबॉल लीगमध्ये आला, पण तिसऱ्या डिव्हिजनमध्ये.

इथे इंग्लिश पद्धत थोडक्यात सांगतो, कारण पुढे लागेल. लीगचे मजले असतात. हंगामाच्या शेवटी वरचे काही संघ वरच्या मजल्यावर जातात, तळाचे खाली घसरतात. खाली गेलं की प्रेक्षक कमी, पैसा कमी, चांगले खेळाडू निघून जातात. त्यामुळे घसरण ही फक्त अपमानाची गोष्ट नसते, क्लबच्या अस्तित्वाचा प्रश्न असतो.

१९२९-३० च्या हंगामात ब्रेंटफर्डने एक अफाट गोष्ट केली. घरच्या मैदानावरचे २१ पैकी २१ सामने जिंकले! शंभर टक्के. आता सांगा, असा संघ वर गेला असणार ना? नाही गेला. त्या काळी तिसऱ्या डिव्हिजनच्या दक्षिण गटातून फक्त पहिला संघ वर जायचा आणि पहिला आला प्लिमथ आर्गाइल. ब्रेंटफर्ड दुसरा. कारण हंगाम २१ सामन्यांचा नव्हता, ४२ चा होता. उरलेले २१ सामने दुसऱ्यांच्या मैदानावर होते. आपल्याला सोयीचा छेद निवडला की कुठलाही आकडा शंभर टक्के दिसू शकतो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं.

मॅनेजर हॅरी कर्टिस यांनी मात्र काम चालू ठेवलं. १९३३ मध्ये तिसरी आणि १९३५ मध्ये दुसरी डिव्हिजन जिंकून क्लब सर्वोच्च पातळीवर पोहोचला आणि पहिल्याच हंगामात तिथे पाचवा आला. मग दुसरं महायुद्ध. लीग बंद. युद्धानंतरचा पहिला पूर्ण हंगाम १९४६-४७, आणि त्यात ब्रेंटफर्ड घसरला. सर्वोच्च पातळीवर परत यायला त्यांना ७४ वर्षं लागणार होती.

१९५१ : पेन्सिल, वही आणि विंग कमांडर

आता आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र येतं. चार्ल्स रीप. ब्रिटिश हवाई दलात अधिकारी, पेशाने हिशेबनीस. १८ मार्च १९५० रोजी ते स्विंडन टाउनचा सामना बघत होते. स्विंडनचे हल्ले एकामागून एक वाया जात होते. वैतागून त्यांनी मध्यंतरानंतर खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद सुरू केली : चेंडू कुठे मिळाला, किती पास झाले, शेवट कशात झाला. यासाठी त्यांनी स्वतःची खुणांची लिपी बनवली. फुटबॉलमध्ये इतक्या पद्धतशीरपणे आणि पुढे दशकानुदशकं नोंदी ठेवणारा त्यांच्याआधी कुणी झाला नव्हता.

फील्डवर्क केलेल्या प्रत्येकाने इथे थांबून एक क्षण त्यांना सलाम करावा. संगणक नाही, व्हिडिओ नाही. पावसात, थंडीत बसून हाताने नोंदी. काय मोजायचं ते आधी ठरवलेलं आणि प्रत्येक सामन्यात तेच मोजायचं. संशोधनाची पहिली पायरी रीप यांनी उत्तम चढली होती, याबद्दल दुमत नाही.

१९५१ च्या सुरुवातीला ब्रेंटफर्ड दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरणीच्या भीतीत होता. मॅनेजर जॅकी गिबन्स यांनी रीप यांना अर्धवेळ सल्लागार म्हणून घेतलं. सल्ला सरळ होता : चेंडू लवकरात लवकर पुढे पोहोचवा, कमी पासमध्ये गोलापर्यंत जा. उरलेल्या हंगामात संघाचा खेळ सुधारला, गोल वाढले, घसरण टळली.

आता यातून काय सिद्ध झालं? इथे जरा सावध व्हा. रीप यांना बोलावलं कधी? संघ वाईट अवस्थेत असताना. वाईट काळाच्या अगदी तळाशी कुठलाही उपाय केला, तरी त्यानंतर बऱ्याचदा थोडं बरं होतंच, कारण तळ हा काही प्रमाणात नशिबाचाही असतो. ताप सर्वात जास्त असतो तेव्हाच आपण डॉक्टरकडे जातो, आणि दुसऱ्या दिवशी उतरला की श्रेय औषधाला देतो. सांख्यिकीत याला सरासरीकडे परतणं म्हणतात. रीप यांचा सल्ला निरुपयोगी होता असं मी म्हणत नाहीये. एका संघाचा एक अर्धा हंगाम, तुलनेला दुसरं काही नाही. एवढ्यावर ‘उपयोगी होता’ असंही म्हणता येत नाही, इतकंच. शिवाय तोच क्लब १९५४ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरला आणि १९६२ मध्ये चौथ्या.

चूक नेमकी कुठे झाली

रीप मात्र मोजत राहिले. पुढे ते वुल्व्ह्‌ज या बड्या क्लबबरोबर काम करू लागले. १९६८ मध्ये बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात फुटबॉलमधल्या कौशल्य आणि योगायोगावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९५३ ते १९६७ या काळातल्या शेकडो सामन्यांच्या नोंदी त्यामागे होत्या. एका माणसाच्या छंदातून सोसायटीच्या नियतकालिकापर्यंत! आपल्यापैकी कितीजणांना जमेल?

त्यांच्या नोंदींतून जो निष्कर्ष सगळीकडे पोहोचला, तो असा : सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चढायांतून होतात. म्हणून पास कमी करा.

ऐकायला पटतं ना? मलाही पटलं होतं. आता समासातला शब्द आठवा. कितीपैकी?

उत्तर त्याच नोंदींमध्ये होतं. एकूण चढायांपैकी ९१.५ टक्के चढाया तीन किंवा त्याहून कमी पासच्याच होत्या. वही घ्या आणि करून बघा. समजा १००० चढाया झाल्या. त्यातल्या ९१५ लहान आणि ८५ लांब. समजा दहा गोल झाले. आठ लहान चढायांतून, दोन लांब चढायांतून. म्हणजे लहान चढायांत साधारण ११४ मागे एक गोल. लांब चढायांत साधारण ४२ मागे एक गोल. लांब चढाई अडीचपटीहून जास्त फलदायी निघते!

तीच नोंद, तेच आकडे, पण निष्कर्ष बरोबर उलटा. माझ्या बेडकांसारखंच. मेलेले मोजले, पण त्यांना मुळात असलेल्यांनी भागलं नाही.

या चुकीची किंमत लहान नव्हती. लांब चेंडू मारून पुढे धावायची शैली इंग्लंडमध्ये अनेक वर्षं टिकली. रीप यांच्यासारखेच निष्कर्ष काढणारे चार्ल्स ह्यूज पुढे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनमध्ये प्रशिक्षणाचे प्रमुख होते. म्हणजे ही विचारसरणी प्रशिक्षकांच्या शिक्षणापर्यंत गेली. २००५ मध्ये माइक ह्यूज आणि इयन फ्रँक्स या संशोधकांनी विश्वचषकाच्या सामन्यांवर काम करताना प्रत्येक लांबीच्या चढाया किती झाल्या याने गोल भागून दाखवले, तेव्हा चित्र वेगळं दिसलं. छेद घालायची ही एवढीच दुरुस्ती!

पण थांबा. ‘म्हणजे लांब चढायाच चांगल्या’ असं आता लगेच लिहू नका, नाहीतर आपणही दुसऱ्या खड्ड्यात पडू. याची दोन कारणं. एक, लांब चढाया जास्त कोण करू शकतो? चांगला संघ. मग गोल पासमुळे झाले की संघ चांगला होता म्हणून? दोन, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं : दोन पासनंतर संपलेली प्रत्येक चढाई ही दोन पासमध्ये संपवायची ठरवलेली नसते. दहा पास करायचे ठरवून दुसऱ्यालाच चेंडू गमावला, तर ती नोंद ‘लहान चढाई’ म्हणूनच होते. खेळाडूने काय ठरवलं आणि प्रत्यक्षात काय घडलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत फक्त दुसरी गोष्ट येते. आणि सल्ला मात्र आपण पहिलीबद्दल देतो!

तुमच्या विषयातही हे सापडेल. औषध लिहून दिलेले रुग्ण आणि औषध खरंच घेतलेले रुग्ण. कोर्सला नाव घातलेले विद्यार्थी आणि कोर्स पूर्ण केलेले विद्यार्थी. आपण यांतलं काय मोजतोय, हे पहिल्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

मधली वर्षं

ब्रेंटफर्डबद्दलच्या बहुतेक लेखांत १९५१ मधून थेट २०१२ वर उडी मारतात. रीप आले, मग साठ वर्षांनी बेनहॅम आले, आणि आकड्यांची परंपरा पूर्ण झाली. गोष्ट म्हणून छानच. पण या दोघांत दुवा शोधायला गेलात तर क्लबचं नाव सोडून फारसं काही हाती लागत नाही. मधल्या काळात क्लब टिकला तो वेगळ्याच कारणांनी.

१९६७ च्या जानेवारीत तो जवळजवळ संपलाच होता. शेजारच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने ग्रिफिन पार्कवर यायचं आणि ब्रेंटफर्ड बंद करायचा, असा घाट घातला गेला. चेअरमन जॅक डनेट त्यासाठी तयार होते. समर्थकांनी ओरड केली, नव्या मंडळींनी तातडीच्या कर्जाची सोय केली आणि क्लब वाचला. पुढची दशकं बहुतेक खालच्या दोन मजल्यांवर गेली. २००१ मध्ये समर्थकांनी ‘बीज युनायटेड’ नावाची संस्था काढली. मधमाशी हे क्लबचं टोपणनाव. २००६ मध्ये या संस्थेने क्लबचा बहुसंख्य हिस्सा ताब्यात घेतला. म्हणजे काही वर्षं क्लब अक्षरशः तिकीट काढून सामना बघणाऱ्यांच्या मालकीचा होता.

या लोकांनी कुठलंही मॉडेल बनवलं नाही. पण १९६७ मध्ये किंवा २००६ मध्ये क्लब बुडाला असता, तर पुढची सगळी हुशारी वापरायला क्लबच उरला नसता. इतिहास लिहिताना आपल्या सिद्धांतात न बसणारी वर्षं गाळायचा मोह फार होतो. मी माझ्या शोधप्रबंधाच्या प्रस्तावनेत तो रोज अनुभवतोय.

बेनहॅम : निकाल आणि निर्णय

मॅथ्यू बेनहॅम लहानपणापासून ब्रेंटफर्डचे समर्थक. ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र शिकले, वित्तक्षेत्रात काम केलं आणि मग फुटबॉलच्या पैजांसाठी संख्याशास्त्रीय अंदाज बांधणारी स्मार्टऑड्स ही कंपनी काढली. अडचणीतल्या क्लबला त्यांनी आधी कर्ज दिलं आणि २०१२ मध्ये मालकी घेतली.

त्यांच्या विचारातली मध्यवर्ती गोष्ट अशी : फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, त्यामुळे एका सामन्याच्या निकालात नशिबाचा वाटा मोठा असतो. मग गोल मोजण्याऐवजी संधींची गुणवत्ता मोजा. एखाद्या जागेवरून, अशा स्थितीत मारलेले किती फटके आजवर गोल झाले? शंभरपैकी दहा झाले असतील, तर त्या फटक्याची किंमत ०.१. अशा किमतींची बेरीज म्हणजे ‘अपेक्षित गोल’. नीट बघा, ही कल्पना म्हणजे दुसरं काही नाही, प्रत्येक फटक्याला विचारलेलं ‘कितीपैकी?’ आहे. रीप यांच्या नोंदीत जो छेद निष्कर्षाच्या वेळी विसरला गेला, तो इथे मोजमापाच्या एककातच बसवलेला आहे.

यावर विश्वास ठेवणं किती अवघड आहे, ते २७ एप्रिल २०१३ ला कळलं. हंगामाचा शेवटचा सामना, ग्रिफिन पार्कवर, समोर डॉनकास्टर. जिंकलं की ब्रेंटफर्ड वर. ०-० असताना भरपाईच्या वेळेत ब्रेंटफर्डला पेनल्टी मिळाली. पेनल्टी साधारण चारपैकी तीन वेळा गोल होते. मार्चेलो ट्रोटाने मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून परत आला, डॉनकास्टरचे खेळाडू तो घेऊन दुसऱ्या टोकाला धावले आणि जेम्स कॉपिंजरने गोल केला. काही सेकंदांत सगळं उलटलं. डॉनकास्टर वर गेला. ब्रेंटफर्ड नंतर प्ले-ऑफची फायनलही हरला.

अशा वेळी आपण काय करतो? एक प्रयोग फसला की पद्धतच बदलतो. ब्रेंटफर्डने तसं केलं नाही. पुढच्याच हंगामात ते वर गेले. आणि २०१५ मध्ये उलट प्रकार केला : संघ दुसऱ्या पातळीवर पाचवा आलेला असताना मॅनेजर मार्क वॉरबर्टन यांच्याशी फारकत घेतली, कारण क्लब कसा चालवायचा याबद्दल दोघांचं जमत नव्हतं. लोकांनी वेड्यात काढलं. त्यांच्या जागी आलेले मरिनुस डाइकहाउझेन काही आठवड्यांतच गेले. म्हणजे मॉडेल हातात असलेली माणसंही चुकतात. फरक इतकाच, की ती चूक त्यांनी लवकर कबूल केली.

खेळाडू निवडतानाही तेच. २०१७ मध्ये चौथ्या पातळीवरच्या एक्सटर सिटीकडून ओली वॉटकिन्सला आणलं आणि २०२० मध्ये कितीतरी पट किमतीला ॲस्टन व्हिलाला विकलं. त्याच्या जागी आलेल्या आयव्हन टोनीने पुढच्या हंगामात ३१ लीग गोल केले. त्याच २०२० मध्ये क्लब क्यू ब्रिजजवळच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. १८८९ ची बैठक जिथे झाली, त्याच परिसरात. २९ मे २०२१ रोजी वेम्बलीवर स्वान्सीला २-० हरवून ब्रेंटफर्ड प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. त्याआधी प्ले-ऑफमधून वर जायचे त्यांचे नऊच्या नऊ प्रयत्न फसले होते. दहापैकी एक! १३ ऑगस्टला पहिल्याच सामन्यात त्यांनी आर्सेनलला २-० हरवलं. त्या रात्री आमच्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रूममेटने जो गोंधळ घातला, त्याबद्दल त्याला वॉर्डनकडून समजही मिळाली.

आणि आता आपल्यावरच उलटवू

मग निष्कर्ष काय? ‘आकड्यांनी चाललेला क्लब यशस्वी होतो’? तुम्ही आत्तापर्यंत लक्ष देऊन वाचलं असेल, तर हे वाक्य वाचताना तुमच्या हातात पेन्सिल आलीच असेल.

कितीपैकी? आकडे वापरून न जमलेल्या क्लबांवर कुणी लेख लिहीत नाही. ब्रेंटफर्ड आपल्यापर्यंत पोहोचला तोच मुळी यशस्वी झाला म्हणून. शिवाय बेनहॅम यांनी फक्त मॉडेल नाही, स्वतःचा भरपूर पैसाही ओतला. मॉडेलचा वाटा किती आणि पैशाचा किती, हे एका क्लबच्या इतिहासातून वेगळं करता येत नाही. एका उदाहरणातून प्रश्न शिकता येतो, नियम नाही. मी या क्लबकडून प्रश्नच शिकलो.

बेडकांचं सांगायचं राहिलं. मॅडमच्या त्या शब्दानंतर माझ्यापुढे दोन रस्ते होते. वाक्य मवाळ करून, ‘कदाचित’ घालून प्रकरण पुढे रेटायचं, किंवा आणखी एक पावसाळा रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या जंगलात जिवंत बेडूक मोजायचे. फेलोशिपचे महिने मोजून मी पुष्कळ रडगाणं गायलं आणि दुसरा रस्ता धरला. एक वर्ष गेलं. नव्या तक्त्यात ती जात धोक्याच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर उतरली. पहिली आली ती एक दुर्मिळ जात, जिचे मेलेले बेडूक आधीच्या तक्त्यात इतके थोडे होते की मी त्यांना ‘इतर’ या रकान्यात टाकलं होतं.

तेव्हा तुम्ही प्रस्ताव लिहीत असाल, तर आज एक काम करा. त्यातला तुमचा सर्वात आवडता आकडा शोधा आणि त्याच्या शेजारी समासात पेन्सिलीने हा एक शब्द लिहा. उत्तर वहीत नसेल, तर अजून पावसाळा सुरू व्हायचा आहे. वेळ आहे.